नेमाचा रकाना

"अकराशे बेचाळीस शंका, आणि प्रत्येकीचं उत्तर तयार. वेळ लागला अकरा मिनिटं," इरा पेडामकर म्हणाली आणि तिने टेबलावरचा संगणकाचा पडदा मृदुलाताईंकडे वळवला. "आता फक्त तुझी सही, आत्या. चहा विचारत नाही हं. चातुर्मास लागलाय, तुझा काहीतरी नेम असणारच."

"यंदा चहाच सोडलाय," मृदुलाताई हसल्या. "कोमट पाणी दे."

खिडकीबाहेर कातळबंदरची जेटी दिसत होती. मासेमारी बंद असल्याने एकशे सहा होड्या ओळीने उभ्या होत्या. त्यांची डिझेलची इंजिनं दोन वर्षांपूर्वीच निघाली. आता त्या हायड्रोजनवर चालायच्या, पण गॅस भरायला चाळीस मैलांवर जावं लागे. म्हणून जेटीच्या टोकाला हे नवं केंद्र उभं राहिलं होतं. वाऱ्याच्या पंख्यांवर वीज तयार व्हायची, विजेने पाण्यातून हायड्रोजन निघायचा, आणि तीन कॉम्प्रेसर तो दाबून दाबून होडीच्या टाकीत भरायचे. नारळी पौर्णिमेला, म्हणजे अठरा दिवसांनी, उद्घाटन होतं. आराखडा इराचा होता. आयुष्यातला पहिला.

हायड्रोजन हा वायूंमधला सगळ्यात हलका जीव. खोलीभर घेतला तरी वजनाला दोन-चार किलोच भरतो. तो होडीत मावायचा तर हवेच्या सातशेपट दाबाने कोंबावा लागतो, आणि एवढं कोंबलेलं काहीही निसटायलाच बघतं. त्याचा कण इतका बारीक की हवा जिथून जात नाही अशा सांध्यातूनही तो वाट काढतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेटला तर उन्हात त्याची ज्योतही दिसत नाही. माणूस चालत चालत आगीत शिरेल आणि पोळल्यावर त्याला कळेल. म्हणून प्रत्येक कॉम्प्रेसरच्या माथ्यावर तीन काचेचे डोळे बसवले होते. माणसाला न दिसणारे ज्योतीचे किरण त्यांना दिसतात. तिघांपैकी दोघांनी 'आग' म्हटलं, की क्षणात सगळ्या झडपा बंद.

हे सगळं कुठे कुठे चुकू शकेल, ते शोधायचं काम आता 'पारख' करायची. पारख म्हणजे एक यंत्रबुद्धी. देशभरातले जुने तपासणी-कागद वाचून ती शिकली होती. तिने तपासलेल्या आराखड्यावर पंचवीस वर्षं अनुभव असलेल्या एका माणसाची सही लागायची, एवढंच माणसाचं काम उरलं होतं.

मृदुलाताईंनी चष्मा लावला आणि पान पान वाचायला घेतलं. प्रत्येक नळी, प्रत्येक झडप, आणि तिच्यापुढे सात शब्द. नाही. जास्त. कमी. उलट. शिवाय. अर्धवट. भलतंच. गॅस आलाच नाही तर? जास्त आला तर? उलटा फिरला तर? गॅसऐवजी भलतंच काही आलं तर?

हे सात शब्द वाचताना त्या अडतीस वर्षं मागे गेल्या.

तेव्हा असल्या तपासणीला तीन तीन आठवडे लागत. वनस्पती तुपाच्या कारखान्यातली ती लांबट खोली, टेबलभर पसरलेला नकाशा, त्याचे कोपरे गुंडाळले जाऊ नयेत म्हणून ठेवलेले स्टीलचे पेले, आणि हातात पिवळी पेन्सिल घेतलेले हरिश्चंद्र पेडामकर. इराचे आजोबा. मृदुला त्यांच्या हाताखाली शिकली, इराची मानलेली आत्या झाली ती त्यामुळेच. तपासून झालेली नळी ते पिवळी करत. आठवड्याअखेर अर्धा नकाशा हळदीत बुडाल्यासारखा दिसे. जगभर हे शब्द इंग्रजीत विचारतात, साहेबांनी ते मराठी केले. तेवीस वर्षांच्या मृदुलाने विचारलं होतं, "साहेब, मराठीत कशाला?" तर म्हणाले, "झडप फिरवणारा सखाराम मराठीत घाबरतो, म्हणून."

आणि त्यांचं ते "मग?" कुणी उत्तर दिलं की साहेब शांतपणे विचारायचे, "मग?" पुढचं उत्तर दिलं की पुन्हा, "मग?" समोरच्याची उत्तरं संपेपर्यंत. चिडायचं कुणी नाही, कारण ते स्वतःलाही तसंच विचारत.

"मृदुलाताई, आपण सदतिसाव्या पानावर थांबला आहात," पारखचा आवाज आला. "तिथे गॅस गरम होण्याची शंका आहे. मग?"

मृदुलाताईंनी चटकन मागे वळून पाहिलं.

"घाबरलीस ना?" इरा खुदकन हसली. "आजोबांच्या सगळ्या नोंदी मीच घातल्यात तिच्यात. चाळीस वर्षांच्या. त्यातूनच उचललंय तिने ते."

"छान केलंस, बाळा." मृदुलाताईंनी शेवटचं पान उलटलं. मग पुन्हा पहिलं काढलं. "पण इरा, नेम कुठाय?"

"कुणाचं नेम? सहीखाली येईल ना, आपोआप छापलं जातं."

"नाव नाही गं. नेम. आठवा शब्द. साहेबांच्या तक्त्यात सातांच्या पुढे आठवा रकाना असायचा."

"शब्द सातच असतात, आत्या. जगात सगळीकडे."

"जगात सात. साहेबांचे आठ." मृदुलाताई पडद्याकडे वळल्या. देवाशी बोलावं तितक्या हळू आवाजात म्हणाल्या, "पारख, पेडामकरांच्या नोंदींत 'नेम' असा रकाना आहे का?"

"होता. एकतीसशे ठिकाणी," पारख म्हणाली. "नेम म्हणजे व्यक्तीचं नाव असं धरून, खासगी माहिती म्हणून, तो वाचण्याआधीच गाळला."



"म्हणजे?" इराचा चेहरा पडला. "तिने ते इंग्रजीतलं नेम समजलं? अगं, पण... शाळेच्या फॉर्मवर तसंच तर लिहितात. मीही बघितलं असतं तर मलाही तेच वाटलं असतं."

"मूळ कागद?"

"स्कॅन झाल्यावर बाबांनी रद्दीत... वाळवी लागली होती, आत्या." इरा खुर्चीत बसली. "काय असायचं त्या रकान्यात?"

"इथली माणसं नेमाने काय करतात, ते. नकाशात नसलेलं. साहेब म्हणायचे, यंत्राचा काही नेम नाही, म्हणून आपण माणसाचा नेम बघायचा. कोण दुपारी कुठल्या झडपेवर डबा गरम करतो. कोण डुलकी काढताना कुठल्या नळीला पाय टेकतो. कुणाचं वाईट म्हणून नाही लिहायचे. नेम आहे, तो सुटणार नाही. त्याला जागा ठेवा, एवढंच." त्यांनी पेन बंद करून पर्समध्ये टाकलं. "हे केंद्र कोण चालवणार?"

"बर्फाच्या कारखान्यातलीच माणसं. तो आता बंद होतोय ना. शिकवलंय त्यांना सगळं."

"चल, त्यांच्याकडे जाऊ."

*

जेटीमागे बर्फाचा जुना कारखाना होता. आत अमोनियाचा कॉम्प्रेसर धडधडत होता. माणसाहून उंच असं त्याचं चाक मायेने पुसल्यासारखं चमकत होतं. सदानंद डोर्लेकर, सगळ्यांचे सदूदादा, तेवीस वर्षं ते यंत्र सांभाळत होते. नव्या केंद्राची जबाबदारीही त्यांच्याचकडे येणार होती.

"या ताई, या. इरा मॅडम, आज पाय इकडे वळले? वाट चुकलात की काय?" सदूदादांनी खुर्ची पुसली.

मृदुलाताईंचं लक्ष कॉम्प्रेसरकडे होतं. दाब दाखवणाऱ्या गोल काचेवर, अगदी मधोमध, ताज्या कुंकवाचं बोट होतं. त्याखाली कालचं, त्याखाली परवाचं. काटा कुठे आहे ते जेमतेम दिसत होतं.

"हे रोजचं?"

"रोजचं. आंघोळ झाली की पयलं देवाला, मग ह्याला. आपला पोशिंदा तो."

"आणि नवीन यंत्र आलं की?"

"त्याचं तर मोठं करायचं, ताई! नारळी पुनवेला. दोन म्हैने बंद पडलेलं सगळं त्या दिवशी चालू होतं ना. बायका ताट घेऊन येतील, हार, नारळ, सगळं. मग बटण दाबायचं."

"कुंकू कुठे लावणार?"

सदूदादांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू नैवेद्य कुठे ठेवणार असं कुणी विचारलं होतं. "डोल्यांना! वर तीन डोले हायत ना कपाळाच्या जागी. शंकरच तो."

इरा झटकन पुढे झाली. "तिन्ही डोळ्यांना, दादा?"

"मग? एकाला लावून बाकीच्या दोघांनी काय पाप केलं?"

मृदुलाताई हसल्या, आणि लगेच परत निघाल्या.

*

 परत आल्यावर इराने खुर्चीही ओढली नाही. उभ्यानेच विचारलं, "पारख, तिन्ही डोळे एकाच वेळी आंधळे व्हायची शक्यता?"

"साडेतीन लाख वर्षांतून एकदा. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे बिघडतो, असं धरलं आहे."

"आणि तिघांवर एकदमच कुंकू लावलं तर?"

"काच झाकली गेल्याचं डोळ्याला स्वतःलाच कळतं. तो 'मळलो' असा इशारा देतो. समुद्राच्या खाऱ्या धुक्याने काच वरचेवर मळेल, म्हणून आराखड्यात साफसफाईला आठ तासांची सवड ठेवली आहे. तोवर केंद्र चालू राहतं."

ती सवड इरानेच ठेवली होती. जरा धुकं आलं की केंद्र बंद पडलं, तर होड्या अडकतील, म्हणून. कुणाच्या तरी भल्यासाठीच.

"आठ तास," मृदुलाताई म्हणाल्या. "वर्षातले नेमके ते आठ तास, इरा. दोन महिने पडून राहिलेलं यंत्र चालू करताना सांध्यांतली वेष्टनं सुकलेली असतात. गळती व्हायची तर त्या दिवशीच होते. शंभर होड्या रांगेत भरायला त्याच दिवशी येतात. आणि पूजाही त्याच दिवशी. हा योगायोग नाही. चालू करायचं म्हणूनच पूजा करतात."

"पारख, नोंद घे," इरा म्हणाली. "सदानंद डोर्लेकर डोळ्यांना कुंकू लावणार आहेत."

"ते हेतूचं विधान आहे, घडलेली घटना नाही. सुचवलेला उपाय: 'डोळ्यांना हात लावू नये' अशी पाटी."

"पाटी," इरा पटकन म्हणाली. "आत्या, चालेल की! मोठी पाटी लावू, लाल अक्षरात. मी स्वतः दादांना सांगते. सवड काढायची, डोळे हलवायचे, म्हणजे पुन्हा सगळ्या चाचण्या. महिना जाईल. नारळी पौर्णिमा हुकेल. माझं पहिलं काम आहे गं, आणि त्या होड्यांनी दोन महिने वाट बघितलीय."

"तू सांगशील, ते ऐकतील. यंदा. पुढच्या वर्षी त्यांची सून ताट घेऊन येईल." मृदुलाताईंनी पडद्याकडे पाहिलं. "पारख, आराखडा बदलायला काय लागेल?"

"प्रत्यक्ष घडलेली अशी घटना. ठिकाण, तारीख आणि साक्षीदाराच्या नावासह. निनावी आठवणीला वजन देता येत नाही."

 मृदुलाताईंनी पर्समधून पोथीच्या आकाराचं एक पुडकं काढलं. आत प्लॅस्टिकमध्ये जपलेला एकच कागद होता. पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला.

"साहेब निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी हा मला दिला. नेमाचा रकाना ज्या तक्त्यात पहिल्यांदा आला, त्याचं हे पान."

इराने वाचलं. आजोबांचं अक्षर, बारीक आणि उभट. *नेम: यंत्राच्या डोळ्याला कुंकू.* पुढे काही नाही.

"कुणी लावलं होतं?"

"मी."

पुढचं त्या सांगत होत्या, पण बघत होत्या खिडकीबाहेर. कारखान्यातली खंडेनवमी. तेलाचं तूप करायला लागणाऱ्या हायड्रोजनच्या कॉम्प्रेसरला झेंडूच्या माळा. नोकरीचं दुसरं वर्ष, नवी अबोली साडी, हातात कुंकवाची कोयरी. यंत्राच्या माथ्यावरचा तो एकुलता काचेचा डोळा इतका जिवंत वाटला की बोट आपसूक तिकडे गेलं. बाकीच्या बायकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, यंत्र चालू झालं. साहेब फेरी मारत आले आणि थबकले. माळेतली झेंडूची फुलं एका टोकाकडून काळी पडत चालली होती. धूर नाही, ज्योत नाही. भर उन्हात फुलं नुसती काळवंडत होती.

"साहेब ओरडले नाहीत. कोपऱ्यातली हिराची केरसुणी उचलली आणि ती पुढे धरून एक एक पाऊल टाकत गेले. यंत्रापासून दोन हातांवर केरसुणीचं टोक आपोआप पेटलं. हवेतच. तेव्हा कळलं आग कुठे आहे ते. त्यांनी हात घालून झडप बंद केली."

"आजोबांच्या तळहातावरचा डाग," इरा हळूच म्हणाली. "आम्हाला सांगायचे, स्कूटरचा सायलेन्सर लागला."

"सगळ्यांना तेच सांगितलं. डोळ्यावरचं कुंकू त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसलं. मी रडत होते. म्हणाले, 'रडतेस काय? हात जोडणं चूक नाही, बाळ. हात जोडायला आम्ही जागा ठेवली नाही, ती चूक.' मग हा रकाना आखला. नेम लिहिला, नाव नाही लिहिलं. आणि मीही कधी सांगितलं नाही. आधी भीतीने. पुढे, माझ्या सहीला मान मिळायला लागला म्हणून."

आत्या आता काय करणार, ते इराच्या ध्यानात आलं. "आत्या, नको. दडवलेली घटना कबूल केली की सहीचा अधिकार त्याच दिवशी जातो. अडतीस वर्षांच्या कामाने मिळवलेला."

"ठाऊक आहे."

"मी दुसरं काहीतरी शोधते. थांब ना!"

"अठरा दिवसांत काय शोधशील? दुसरं काही सापडायचं तर आधी कुणीतरी पोळायला हवं." त्यांनी पदर सावरला, बसल्या जागी पाठ ताठ केली. "पारख, लिहून घे. वार, तारीख सांगते. नेम: यंत्राच्या डोळ्याला कुंकू. नाव: मृदुला बेंडखळे."

पारखला दोन सेकंद लागले. "नोंद केली. तिन्ही डोळे एकदम आंधळे होण्याची शक्यता आता वर्षातून एकदा. आठ तासांची सवड नामंजूर. आपला सहीचा अधिकार या क्षणापासून स्थगित." जरा थांबून ती म्हणाली, "मग?"

"मग काय," मृदुलाताईंनी डोळे पुसले. "मग कामाला लागा."

*

नारळी पौर्णिमा हुकलीच. समुद्राला सोन्याचा कागद लावलेला नारळ गेला, पण होड्यांना गॅस भरायला पुन्हा चाळीस मैलांवरच जावं लागलं. बंदरावर लोक इराला ऐकू जाईल अशा बेताने बोलत. "मॅडमच्या यंत्राला मुहूर्त लागंना." सदूदादा तर तोंडावरच म्हणाले, "आमच्या कुंकवाला भ्यालात व्हय?" इराने मान खाली घातली, पण सवडीच्या जागी शून्य लिहिलं ते लिहिलंच. डोळे वर छताला गेले. यंत्राशेजारी गळतीचा बारीकसा सूर ऐकणारे कान बसले. पुण्याहून दुसरे तपासनीस आले आणि त्यांनी सही केली. चाचण्या दिवसरात्र चालवून केंद्र सुरू झालं ते गोपाळकाल्याला.

मृदुलाताई गर्दीत मागे उभ्या होत्या. आता त्या सही करणाऱ्या कुणी साहेब नव्हत्या, हातात फक्त फुलांची पुडी होती.

बायकांचं ताट आलं. सदूदादा कुंकवाची वाटी घेऊन कॉम्प्रेसरच्या दाराशी गेले. हात वर गेला. सगळ्या जन्माची सवय. तिथे काहीच नव्हतं; डोळे दोन माणसांच्या उंचीवर होते. हात हवेत अडखळला. मग इराने त्यांना खांद्याला धरून फाटकाकडे वळवलं.

फाटकाबाहेर, गॅसच्या वाटेपासून पन्नास पावलांवर, दगडी ओट्यावर बर्फाच्या कारखान्यातलं ते जुनं चाक उभं केलं होतं. कारखाना गेल्याच आठवड्यात बंद झाला होता. चाक घासूनपुसून लखलखीत. पुढे समईला कोनाडा, नारळ फोडायला दगड.

सदूदादा बघतच राहिले. "अगो, ह्यो तर आपला म्हातारा!" त्यांनी चाकाला कुंकू लावलं, मग आणखी एक बोट, मग कपाळच टेकवलं. नारळ फुटला. आत कुणीतरी बटण दाबलं आणि पहिली होडी भरायला लागली.

इरा मृदुलाताईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. हातातला छोटा पडदा पुढे करत म्हणाली, "नवीन काम आलंय, खाली देवगडकडे. हे बघ."

तक्त्यात आता आठ रकाने होते. आठव्यावर लिहिलं होतं, 'नेम', आणि त्याखाली उदाहरण म्हणून पहिली नोंद मृदुलाताईंचीच.

"मृदुलाताई," पारख म्हणाली, "ही नोंद आता सगळीकडे जाईल. नेम ठेवला आहे. नाव खासगी आहे. गाळू का?"

फाटकाकडून ओल्या नारळाचा वास येत होता. मृदुलाताईंना उगीचच झेंडूची एक माळ दिसली, आणि रुमालाने काच पुसणारा एक भाजलेला हात.

"नको," त्या म्हणाल्या. "दोन्ही राहू दे."